लाटणं, चंद्र आणि मयुराचं उड्डाण

१२ सप्टेंबर १९९६, गुरुवार

आज स्टाफ मीटिंगमध्ये मी तोंड उघडायला नको होतं.

हिंदीचे त्रिपाठी सर वार्षिक समारंभाच्या नाटकाची गोष्ट सांगत होते. एका घरातली भांडी रुसतात आणि उडत उडत थेट चंद्रावर जातात. त्यांना परत आणायला घरातली मुलगी त्यांच्या मागे जाते. नाव ‘रूठी रसोई’. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग कोणीतरी विचारलं, भांडी उडणार कशी? मी निव्वळ शास्त्रीय शंका म्हणून म्हणाले, "उड़ाना उतना मुश्किल नहीं, मुश्किल तो धागा छिपाना…"

वाक्य पुरं व्हायच्या आत प्रिन्सिपल मिसेस खुरानांनी टेबलावर हात मारला. "वंडरफुल! फ्लाइंग इज मिसेस खंबाटा'ज डिपार्टमेंट."

माझं आडनाव खांबेटे आहे. जुलैपासून तीनदा सांगून झालं. आता खंबाटा तर खंबाटा.

राजीवला सांगितलं तर तो खूश. "कुमू, पुण्यात तू नववीला फिजिक्स शिकवायचीस, इथे भांडी उडवणार. ह्याला ग्रोथ म्हणतात." नव्या कंपनीत लागल्यापासून त्याला सगळीकडे ग्रोथ दिसते. कंबरेला पेजर लावून तो भाजी आणायला जातो.

१५ सप्टेंबर

रविवार. गॅलरीतून बाजरीची शेतं दिसतात आणि त्यांच्या मधोमध क्रेन. गुडगाव म्हणजे अर्धं शेत आणि अर्धी जाहिरात.

लेकीचा, मयुराचा डबा परवा शाळेतून पुन्हा भरलेला परत आला. ह्या आठवड्यात तिसऱ्यांदा. भेंडी आवडत नसेल. विचारलं तर म्हणते, "मी मधल्या सुट्टीत लायब्ररीत असते, तिथे खाऊ देत नाहीत." सहावीत आल्यावर वाचनाची गोडी लागली म्हणायची. चला, पुण्यात तर हिला हाक मारून मारून मैदानातून आणावं लागायचं.

१९ सप्टेंबर

पहिला प्रयोग. पडद्याच्या पाइपवरून मासे पकडायचा नायलॉनचा दोरा टाकला, त्याला घरचं स्टीलचं पातेलं बांधलं आणि ओढलं. पातेलं वर गेलं. त्रिपाठी सर "अरे वाह!" म्हणाले आणि नीट बघायला पातेल्याखाली येऊन उभे राहिले.

पुढचं लिहायला हात धजत नाही. पातेलं त्यांच्या बुटापासून वीतभर अंतरावर पडलं. फरशीचा टवका उडाला. सर हसले, म्हणाले, "रूठ गया." मी पण हसले. पण तिथे सर होते म्हणून बरं. उद्या तिथे सहावीतली मुलं असणार.

मला ह्यातलं काही येत नाही. वर्गात फळ्यावर दोरी काढायची, तिच्यावर बाण काढायचा आणि ‘ताण’ असं लिहायचं, एवढंच येतं.

२२ सप्टेंबर, रविवार

लक्ष्मीबाई नगरला शांतारामकाकांकडे गेलो होतो. राजीवचे ते लांबचे काका. सरकारी इमारतींच्या लिफ्टांची देखभाल त्यांच्याकडे असते, निवृत्तीला एक वर्ष उरलंय. दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या नाटकांचं पडद्यामागचं सगळं तीस वर्षं तेच बघतात, हे मला आज कळलं. मी पातेल्याची गोष्ट गंमत म्हणून सांगितली. कोणी हसलंच नाही. काकांनी हातातला पोहे खायचा चमचा खाली ठेवला.

"दोरा किती होता?"

"एक."

"आणि खाली माणूस?"

"होता. म्हणजे, आले ते मधेच."

"शनिवारी येतो," एवढंच म्हणाले. केंद्र सरकारला शनिवारची सुट्टी असते.

निघताना सुमित्राकाकू दारात म्हणाल्या, "ह्यांना प्रयोगाला समोर बसायचा आग्रह नको हं करूस. हे कधी समोरून बघत नाहीत." लाजाळू असतील. काही माणसांना मागेच बरं वाटतं.

२८ सप्टेंबर, शनिवार

काका आले. आधी एक तास त्यांनी एकाही दोरीला हात लावला नाही. नुसते वर बघत हिंडले. आमचं स्टेज म्हणजे लोखंडी सांगाडा आणि मागे भिंत. ऑडिटोरियम ‘पुढच्या वर्षी’ होणार आहे.

"हा पाइप कशासाठी बसवलाय?"

"पडद्यासाठी."

"मग त्याला पडद्याचंच वजन कळतं. आपण कशाला टांगतो ते सगळे बघतात, पण ते ज्याला टांगतो, ते कशाला टांगलंय हे कोणी बघत नाही."

मग सहावी-सातवीच्या अकरा मुलांना गोल बसवून त्यांनी हिंदीत नियम सांगितले. उडायचं ते आधी हलकं हवं, म्हणून एकही खरं भांडं नको. सगळी कागदाच्या लगद्याची, वरून चंदेरी कागद. प्रत्येक भांड्याला दोन दोरे, दोन वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेले. भांड्याच्या दहापट वजन आधी टांगून बघायचं, ते वीसदा वर-खाली करायचं. जमिनीवर खडूने चौकोन काढायचा. भांडं हवेत असताना त्या चौकोनात कोणी पाय टाकायचा नाही, प्रिन्सिपलने सुद्धा.

आणि एक शब्द ठरवायचा, जो ऐकला की सगळ्यांनी आहे तिथे थिजायचं. "रुको" नको, तो नाटकात येतो. मुलांनी गोंधळ करून ‘खिचडी’ ठरवला. कोणीही ओरडू शकतं, चुकून ओरडलं तरी रागवायचं नाही.

मी म्हटलं, "काका, कागदाच्या लाटण्याला दोन दोरे म्हणजे जरा जास्तच नाही का?"

"एकदा नव्हता लावला दुसरा," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "चहा मिळेल का गं इथे?"

काय झालं होतं ते विचारायचं राहूनच गेलं. कँटीन बंद होतं, चहासाठी फाटकाबाहेर जावं लागलं.

८ ऑक्टोबर

करोल बाग. काळं मखमली कापड, मोठे तागे. दुकानदाराने विचारलं, "मातम है क्या?" मी म्हटलं, "नहीं, जादू है।" त्याने भाव थोडा कमी केला.

योजना अशी: मागे काळी मखमल, मुलं डोक्यापासून नखापर्यंत काळ्या कपड्यांत, आणि ती निळसर-जांभळी ट्यूब जिच्या उजेडात पांढरं तेवढं चमकतं. काळ्या कपड्यांतल्या मुलाच्या हातात काळी काठी, काठीच्या टोकाला चमकणारं लाटणं. मूल दिसत नाही, लाटणं दिसतं. दोरे फक्त कढईला आणि चंद्राला, कारण ती उंच जायची आहेत. दिसायला मोठी, पण एका हाताने कोणीही उचलावीत.

१७ ऑक्टोबर

उडालं! लाटणं उडालं, चिमटा त्याच्यामागे गेला, कढईने हवेत गिरकी घेतली. मी समोर खुर्चीत बसले होते. धागा कुठे, काठी कुठे, सगळं मीच केलेलं, तरी माझ्या तोंडून "अय्या!" निघालं.

आणि दुसरी बातमी. भांड्यांच्या मागे जाणाऱ्या मुलीचं काम मयुराला मिळालं. त्रिपाठी सरांनी निवडलं, माझा काही संबंध नाही. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो म्हणाले. संध्याकाळी तीन मुली घरी आल्या, चार वाजता आल्या त्या सातला गेल्या. कोणीतरी मयुराला ‘मायरा’ म्हणत होतं आणि तिला ते चालत होतं.

डबा रिकामा. आज भेंडीऐवजी बटाटा दिला होता, लागू पडला.

२४ ऑक्टोबर

मिसेस खुरानांनी तालीम पाहिली. टाळ्या वाजवल्या आणि म्हणाल्या, "अब बच्ची भी उड़ेगी ना? चाँद तक?"

मी म्हटलं, नाही, मुलगी धावत बाहेर जाते आणि पुढच्या प्रवेशात चंद्रावर दिसते.

"मिसेस खंबाटा, कढ़ाई उड़े और बच्ची चले? पेरेंट्स क्या कहेंगे?" ह्या भागात दोन वर्षांत चार नव्या शाळा निघाल्यात, त्यांतल्या एकीने मागच्या वर्षी स्टेजवर खरा उंट आणला होता. त्याचं दुःख बाईंना फार आहे.

त्यांनी माणूसही शोधून ठेवलाय. श्यामजी, शाळेच्या मांडवाचे कंत्राटदार. वीस वर्षं रामलीलेत हनुमान उडवतात.

मयुरा घरी येईपर्यंत तिला कळलेलं होतं. सोफ्यावरून उडी मारली, मग पलंगावरून, मग पुन्हा सोफ्यावरून. "आई, मी खरंच उडणार! पूर्ण शाळेसमोर!"

२६ ऑक्टोबर, शनिवार

श्यामजी भला माणूस आहे, हे आधी लिहून ठेवते. त्याने मोटारीच्या सीटबेल्टांचा छान मजबूत पट्टा शिवून आणला, कप्पी आणली, दोर धरायला चार माणसं आणली. मी आणि काकांनी मयुराच्या वजनाचं, तीस किलो गव्हाचं पोतं पट्ट्यात बसवलं. वीस वेळा वर, वीस वेळा खाली. मिसेस खुराना खुर्ची टाकून मोजत होत्या.

माझी खात्री होती की पाचव्या नाहीतर दहाव्या वेळी काहीतरी सुटेल. खरं सांगायचं तर मी वाट बघत होते. पोतं फाटावं, गहू सांडावेत आणि विषय संपावा.

काहीही झालं नाही. पोतं वीस वेळा गेलं, वीस वेळा आलं. एक दाणा सांडला नाही.

"देखा?" श्यामजी म्हणाला. "बीस साल में हनुमानजी एक बार नहीं गिरे।"

काका शांतपणे म्हणाले, "हनुमान पहलवान आदमी है, श्यामजी। ये बच्ची है। पोतं पाय झाडत नाही, खाली बघत नाही, घाबरून पट्टा सोडवायला जात नाही." शेवटचं मराठीत निघून गेलं, कोणाला कळलं नाही. मग मला म्हणाले, "आणि तो पाइप पडद्याचाच आहे, कुमुद. वीसदा धरला म्हणून एकविसाव्यांदा त्याने धरायला हवं असं नाही. माणूस उडवायचं काम ज्यांनी तेच शिकलंय त्यांचं, त्यांच्या सामानाने. मला येत नाही, म्हणून मी करत नाही."

२८ ऑक्टोबर

नाही म्हणून आले.

मिसेस खुराना रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट. मऊ आवाजात म्हणाल्या, "यह फिजिक्स नहीं है, कुमुद। यह माँ है।" पहिल्यांदा नावाने हाक मारली.

घरी येऊन विचार केला. दुसऱ्या कोणाची मुलगी असती तर मी इतक्या जोरात नाही म्हटलं असतं का? उत्तर आलं ते लिहिते, कारण ही वही कोणी वाचत नाही: कदाचित नाही.

मयुराला सांगितलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "पुण्याहून आणलंस तेव्हा पण मला नव्हतं विचारलं." आणि दार लावून घेतलं. काम काढून घेतलेलं नाही, फक्त उडणं काढलंय, एवढं मनाला लावून घ्यायचं काय? राजीव म्हणाला, "तिला थोडी स्पेस दे." तीन खोल्यांच्या घरात स्पेस कुठून देऊ?

३० ऑक्टोबर

मिसेस खुरानांनी तोडगा काढला. मयुरा नको, चौथीतली स्वरूपा उडेल. ती आणखी हलकी, आईवडिलांची आनंदाने परवानगी. "अब तो आपको कोई प्रॉब्लम नहीं?"

मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. स्टाफरूमपर्यंत जाईपर्यंत, म्हणजे साधारण चाळीस पावलं.

खिडकीतून स्वरूपा दिसली. मैदानात हात पसरून गोल गोल पळत होती, उडायची प्रॅक्टिस. पुढचे दोन दात पडलेले. 

परत गेले. म्हटलं, "मॅडम, कोई भी बच्चा नहीं। मेरा नहीं, किसीका नहीं। उड़ाना है तो मेरी कढ़ाई, चाँद, सब उतार लूँगी।"

"इज दॅट अ थ्रेट, मिसेस खंबाटा?"

"खांबेटे," मी म्हटलं. का म्हटलं देव जाणे.

दिवाळीनंतर बघू म्हणाल्या. त्या सुरात नोकरीचाही विषय होता. 

३१ ऑक्टोबर

काल शाळेत काय घडलं ते मयुराला मुलींकडून कळलं. आता दोन उड्डाणं गेली: तिचं आणि स्वरूपाचं. डबा भरलेला परत. भाजी बटाट्याचीच होती. म्हणजे भेंडीचा काही दोष नव्हता. मग कशाचा?

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळी झाली. फराळ केला, तिघांनी तीन कोपऱ्यांत खाल्ला.

आज घडलं ते नीट लिहिते. संध्याकाळी मी आणि मयुरा दूध घेऊन वर येत होतो. आमच्या लिफ्टला जाळीचं दार आहे, उघडंच दिसतं सगळं. पंधरा दिवसांत ती माझ्याशी ‘हो’ आणि ‘नको’ ह्याखेरीज बोललेली नव्हती. माझ्याकडे पाठ करून जाळीला नाक लावून उभी होती. मग कोणालाच उद्देशून नाही, असं म्हणाली, "आपण उभेच आहोत. मजलेच खाली चाललेत."

चौथा मजला आला. मी दार उघडलंच नाही. पुन्हा तळमजल्याचं बटण दाबलं.

"आई, काय करतेस?"

"बघ. परत बघ."

खाली गेलो, वर आलो. पहिल्या मजल्याची चप्पल-स्टँड खाली सरकली, दुसऱ्याची तुळस खाली सरकली, तिसऱ्याची सायकल खाली सरकली. स्टेशनात शेजारची गाडी सुटली की आपली सुटली असं वाटतं, तसंच. वर्गात शंभरदा शिकवलंय मी हे!

"मयुरा, तू हललीच नाहीस आणि बाकी सगळं खाली गेलं तर…"

ती वळली. डोळे एवढे मोठे. "अंधारात? काळ्या पडद्यासमोर?"

"ओटा खाली जाईल."

"मग खिडकी. मग गच्ची! पाण्याची टाकी! पतंग!"

"मग चांदण्या."

आम्ही चारदा वर-खाली केलं. तळमजल्यावर भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "बहनजी, लिफ्ट है, झूला नहीं।" मयुरा इतकी हसली की दुधाची पिशवी पडली. फुटली. असू दे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

काकांनी ऐकून घेतलं, पाइपकडे बघितलं. मग म्हणाले, "चाळीस फूट कापड लागेल. दोन रूळ, एक वर, एक खाली, विहिरीच्या रहाटासारखी हँडलं. कापडाचं वजन पाइपला चालेल, ते पडदाच आहे की शेवटी." मग हसले. त्यांना हसताना मी प्रथमच पाहिलं.

स्टूल दीड फूट उंच, रुंद पायांचं, काळ्या मखमलीत गुंडाळलेलं. त्याला धरायला एक माणूस, काळ्या कपड्यांत. मुलं रंगवायला बसली. ओटा, खिडकी, शेजारणीचा वाळत घातलेला पापड, कडुनिंबाचा शेंडा. स्वरूपाने पतंग मागून घेतले. एकही पतंग सरळ नाही.

श्यामजी येऊन बघून गेला. म्हणाला, "रोलर में बियरिंग डाल दूँ? आवाज़ नहीं करेगा।" आणि बसवूनही दिलं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

मिसेस खुरानांना समोर मधोमध बसवलं. काही सांगितलं नाही. दिवे गेले, निळी ट्यूब लागली. मयुरा पांढऱ्या फ्रॉकमध्ये, हात पसरून. खालून छोटा पंखा, ओढणी फडफडतेय. काकांनी रूळ फिरवला. ओटा खाली गेला, खिडकी खाली गेली…

"हाय राम," अंधारातून आवाज आला. "इसको नीचे उतारो! किसने परमिशन दी?"

आम्ही दिवे लावले. मयुरा स्टुलावर उभी होती.

मिसेस खुराना उठून आल्या. स्टुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा स्टुलाकडे. "फिरसे दिखाइए," म्हणाल्या. तीनदा पाहिलं. कळूनही तिन्ही वेळा खुर्चीचे हात घट्ट धरले.

स्वरूपाला लाटण्याचं काम दिलं. ते तिला उडण्यापेक्षाही आवडलं, कारण लाटण्याने नाटकात काम करणाऱ्या त्रिपाठी सरांना मारता येतं.

३ डिसेंबर

स्टूल कोणी धरायचं ह्यावर चर्चा. मी म्हटलं, सातवीतली कोणी उंच मुलगी. मयुराने सगळ्यांसमोर सांगितलं, "आई धरेल." मग मराठीत, हळू: "तुझा हात हलत नाही."

थंडीने असेल, डोळ्यांत पाणी आलं.

१४ डिसेंबर, शनिवार

समारंभ झाला. घरी आल्या आल्या लिहितेय, राजीव खिचडी टाकतोय (आज दुसरं काय असणार!).

पाचला सुरू, सहाला काळोख. मैदानात हजार माणसं, स्वेटर-शालींत. भांडी रुसली, उडाली. लाटणं त्रिपाठी सरांच्या मागे लागलं तेव्हा मुलं खुर्च्यांवर उभी राहिली. मग मयुराचं उड्डाण. मी काळ्या कपड्यांत, तोंडावर काळी जाळी, गुडघे टेकून दोन्ही हातांनी स्टूल धरलेलं. माझ्या कपाळाला तिचे पाय लागत होते. ओटा गेला, खिडकी गेली, गच्ची गेली. समोर हजार माणसं श्वास रोखून बसली होती, ते मला खालून ऐकू येत होतं.

पाण्याची टाकी आली आणि वीज गेली.

सगळीच. स्टेज, मैदान, शाळा, पलीकडची वस्ती. गुडगाव आहे हे. काहीच दिसत नव्हतं. चंद्र दोऱ्यावर अधांतरी, कढई अधांतरी, बारा मुलं काठ्या घेऊन अंधारात, आणि घाबरून एकाने जरी पळायला सुरुवात केली तर… समोर लोक कुजबुजू लागले.  मला शब्दच आठवेना.

वरून मयुराचा आवाज आला, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा तो आवाज: "अरे! चाँद ने बत्ती बुझा दी! कोई बात नहीं। आज चाँद पर… खिचडी पकेगी! खिचडी!"

प्रेक्षक हसले. त्यांना तो संवाद वाटला. आणि मागे बारा जणं जागच्या जागी थिजली. एक पाऊल वाजलं नाही.

मग ती बोलतच राहिली. चंद्रावरच्या खिचडीत काय काय घालायचं ते. तांदूळ, मूग, चांदण्यांची फोडणी. मैदानातून मुलं ओरडायला लागली, "मटर! आलू!" तिचे पाय थरथरत होते, मला कळत होतं. आवाजात मात्र काही नव्हतं. मी स्टूल सोडून एक हात तिच्या पायाला लावणार होते. नाही लावला. दोन्ही हातांनी स्टूल धरून राहिले.

जनरेटर लागायला मिनिटभर लागलं. तेवढ्यात काय ऐकू आलं ते लिहून ठेवते. दिवे जाताच श्यामजीची चार माणसं, जी मयुराला उडवायचा दोर धरायला उभी राहणार होती, ती "जनरेटर! जनरेटर!" करत मागे धावली. हातात दोर असता तर ती धावली नसती, हे मला कळतं. चांगली माणसं आहेत. पण मला त्यांच्या पावलांचा आवाज अजून ऐकू येतोय.

निळी ट्यूब लागली. टाकी खाली गेली, स्वरूपाचे वाकडे पतंग खाली गेले, चांदण्या आल्या. मयुरा चंद्रावर पोचली. लोक उभे राहिले.

पडदा पडल्यावर मागे गेले. काका चंद्राचा दुसरा दोरा अजून हातात धरून उभे होते. बांधलेला होता तो, तरी मिनिटभर हातातही धरला होता. तळव्यावर लाल वळ. मला म्हणाले, "मुलं मोज." मी मोजली. बारा आणि मयुरा. "परत मोज." परत मोजली. तेव्हा कुठे त्यांनी दोरा सोडला आणि स्टुलावर बसले, आणि बराच वेळ दोन्ही हातांनी तोंड पुसत राहिले. घाम आला होता. डिसेंबरात.

मिसेस खुराना पाहुण्यांना सांगत होत्या, "सेफ्टी हमारे यहाँ फर्स्ट है, सर। मैंने पहले दिन ही कह दिया था, बच्चा ज़मीन नहीं छोड़ेगा।" मग मला पुढे ओढलं. "और ये हमारी मिसेस खांबेटे।"

मैदानात शेकोट्यांभोवती गर्दी होती. मयुरा मुलींच्या घोळक्यात, सगळ्या एकदम बोलत होत्या. पहिलीतला असेल, माकडटोपी घातलेला एक मुलगा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तिच्या पाठीमागे जाऊन बघितलं, पंख आहेत का. मग पुढे येऊन विचारलं, "दीदी, कितना ऊपर गई थीं?"

मयुराने क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"बहुत," ती म्हणाली. "वहाँ से तुम्हारा घर दिख रहा था।"

त्याला पटावं की नाही कळेना. त्याने मान वर करून मला विचारलं, "मैम, सच्ची?"

दीड फूट. मी स्वतः मोजलं होतं, पट्टीने, दोनदा. पंधरा वर्षं मी मुलांना सांगत आले आहे की मोजल्याशिवाय काही म्हणायचं नाही.

"सच्ची," मी म्हटलं. "मैं नीचे ही थी।"